घरी मोहाची, कॉलेजात बियर: चंद्रपूर-गडचिरोलीची मुलं प्यायला नेमकी कुठे शिकतात?

२००५ साली घुग्घुसमध्ये जन्मलेल्या एखाद्या मुलाचं गणित करून बघा.

तो दहा वर्षांचा असताना, म्हणजे १ एप्रिल २०१५ला, चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. तो सोळा वर्षांचा झाला तेव्हा, २७ मे २०२१ला, राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. म्हणजे पाचवीपासून दहावी-अकरावीपर्यंतचं त्याचं सगळं वय कागदावर दारू नसलेल्या जिल्ह्यात गेलं. आणि कॉलेजला जायची वेळ झाली तशी वाईन शॉपची शटर पुन्हा वर गेली.

आज तो विशीत आहे. घुग्घुसहून चंद्रपूरला एसटीने ये-जा करतो, किंवा नागपूर-पुण्यात रूम घेऊन राहतो. आणि त्याला कधी ना कधी मित्र विचारतो, "काय मग, बसायचं का आज?"

'बसणं' या शब्दाचा अर्थ आपल्याला कुणी शिकवलेला नसतो. पण कॉलेजच्या पहिल्या सहा महिन्यांत तो सगळ्यांना कळतो.

दारूबंदी असावी की नसावी यावर चंद्रपुरात गेली पंधरा वर्षं भरपूर बोललं गेलंय. पण या मुलाबद्दल फार कमी. एका संस्कृतीतून दुसऱ्या संस्कृतीत जाताना तरुण पोरं पिण्याबद्दल काय शिकतात आणि काय विसरतात, हा खरा प्रश्न आहे. यावर सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो आपल्यापासून फार लांब, अमेरिकेत.

अमेरिकेतली पोरं आणि आपला काय संबंध?

अमेरिकेत मेक्सिको, क्युबा, पोर्तो रिको अशा भागांतून आलेल्या कुटुंबांना हिस्पॅनिक म्हणतात. त्यांची पुढची पिढी कॉलेजात जायला लागली तेव्हा अभ्यासकांना एक प्रश्न पडला. ही मुलं जसजशी 'अमेरिकन' होतात, तसतसं त्यांचं पिणं वाढतं का?

अशा बदलाला ते अ‍ॅकल्चरेशन म्हणतात. आपण 'जुळवून घेणं' म्हणू. ते मोजायचं कसं? १९८७ साली जेरार्डो मारिन आणि सहकाऱ्यांनी १२ प्रश्नांची एक छोटी पट्टी बनवली. घरी कोणत्या भाषेत बोलता, विचार कोणत्या भाषेत करता, टीव्ही कोणत्या भाषेत बघता, तुमचे मित्र कोण आहेत, असे साधे प्रश्न.

हेच प्रश्न एटापल्लीहून नागपूरला इंजिनीअरिंगला आलेल्या मुलाला विचारून बघा. घरी गोंडी किंवा माडिया, शाळेत मराठी, रूमवर हिंदी, वर्गात इंग्रजी. चार भाषा आणि प्रत्येक भाषेत मित्र वेगळे. या पट्टीवर त्याला कुठे बसवायचं हे मारिनलाही जड गेलं असतं!

आता निष्कर्ष. आपल्याला वाटतं तसं ते सरळ 'शहरात गेला की बिघडला' असं उत्तर नाही. सारा झेमोर यांनी २००७ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात बायकांच्या बाबतीत चित्र बऱ्यापैकी स्पष्ट दिसलं: जितक्या त्या अमेरिकन समाजात मिसळल्या, तितकं त्यांच्यात पिण्याचं प्रमाण वाढलेलं. पुरुषांच्या बाबतीत मात्र चित्र धूसर होतं. काही अभ्यासांत वाढ, काहींत नाही. कारण मूळ समाजात पुरुषांच्या पिण्याला आधीपासूनच मोकळीक होती.

दुसरी गोष्ट जॉन बेरी या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीतून कळते. नव्या समाजात गेलेला माणूस चार गोष्टी करू शकतो. आपलं सोडून नवं धरायचं. नवं टाळून आपलंच धरायचं. दोन्ही धरायचं. किंवा आपलं सुटलं आणि नव्यानेही आत घेतलं नाही, अशा अवस्थेत लटकायचं. या चौथ्या अवस्थेतल्या लोकांची मानसिक ओढाताण साधारणपणे सगळ्यात जास्त असते.

मला वाटतं, आपल्या जिल्ह्यांतल्या बऱ्याच मुलांचा मामला या चौथ्या खोलीच्या उंबरठ्यावरचा आहे.

घुग्घुसच का?

कारण घुग्घुस हे गाव जुळवून घेण्यावरच उभं आहे.

वर्धा नदीकाठचं हे गाव कोळशाने वाढलं. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, एसीसीचा चांदा सिमेंट कारखाना, लॉईड्स मेटल्सचा स्पंज आयर्न प्रकल्प. कामासाठी तेलंगण, आंध्र, छत्तीसगड, उत्तर प्रदेश, बिहारमधून माणसं आली. एका गल्लीत मराठी, तेलुगू, छत्तीसगडी, हिंदी ऐकू येणं इथे नवं नाही. गावाला नगरपरिषद मिळाली ती अगदी अलीकडे. त्याआधी कित्येक वर्षं हे औद्योगिक शहर ग्रामपंचायतच चालवत होती.

या प्रत्येक घरातून दारूची वेगळी गोष्ट निघते. तेलंगणातून आलेल्यांना ताडी माहीत. गोंड आणि छत्तीसगडी घरांना मोहाची. काही घरांत दारूचं नाव घेतलं तरी आजी ताटावरून उठेल. आणि खाणीतल्या कामगाराच्या पगाराच्या दिवशीची देशी-विदेशी, तिला कुठला प्रांत नाही.

मग ही सगळी पोट्टी (हो, आमच्याकडे पोरांना पोट्टे म्हणतात) एकाच कॉलेजात जातात आणि एकाच प्रकारे प्यायला शिकतात. तिथे ना ताडीचे नियम असतात ना मोहाचे. नियम असतो तो एवढाच, की ग्लास रिकामा ठेवायचा नाही.

मोहाचे नियम म्हणजे काय?

गोंड-माडिया समाजात मोहाची दारू ही फक्त नशेची वस्तू नाही. लग्नात, मरणात, सणात, देवाच्या कामात ती लागते. आधी थेंब जमिनीवर, म्हणजे देवाला आणि पूर्वजांना. मग इतरांना. पानाच्या द्रोणात, सगळ्यांसोबत, वडीलधाऱ्यांच्या समोर. भामरागडकडे गोरग्याच्या झाडाची ताडी तशीच, सोबतीने प्यायची.

यात चार गोष्टी ठरलेल्या आहेत: कधी, कुठे, कुणासोबत आणि कशासाठी.

माणूस पिऊन कसा वागतो हेसुद्धा तो समाजाकडून शिकतो, असं मॅकअँड्र्यू आणि एजर्टन या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी १९६९च्या पुस्तकात जगभरातल्या समाजांची उदाहरणं देऊन मांडलं होतं. तीच दारू एका समाजात भांडण लावते, तर दुसऱ्या समाजात लोक पिऊन गप्प बसतात. रसायन एकच, वागणं वेगळं.

पण थांबा. इथे 'आदिवासींची दारू पवित्र आणि शहराची वाईट' असा गोड निबंध लिहायचा मोह टाळायला हवा (मोहावर कोटी नाही, खरंच). कारण दारूविरुद्ध सगळ्यात मोठ्याने बोलल्या त्या याच गावांतल्या बायका. १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी आली ती लोकांच्या आंदोलनातून. चंद्रपुरात डिसेंबर २०१०मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारच्या नेतृत्वाखाली बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर चालत गेल्या, आणि जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. नवरा रोज पिऊन मारत असेल तर त्या दारूत पूर्वजांचा थेंब होता की नव्हता याने बाईला काय फरक पडतो?

शिवाय आज गावात विकली जाणारी बरीचशी दारू देवाकार्यापुरती काढलेली नसतेच. पोलीस जंगलात, नाल्याकाठी ड्रम फोडतात तो गूळ-मोहाचा सडवा विक्रीसाठीचा असतो. म्हणजे शहरात यायच्या आधीच नियम गावातही उसवायला लागलेत. मुलगा गाव सोडताना नियम घेऊन निघतो असं समजणंही भाबडेपणाचं आहे. तो बऱ्याचदा नियमांची फक्त आठवण घेऊन निघतो.

मग दारूबंदीने काय शिकवलं?

इथे मी कुणाची बाजू घेत नाहीये, पण एक निरीक्षण मांडते.

घुग्घुसहून वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, वणी तालुका. तिथे बंदी कधीच नव्हती. चंद्रपुरात बंदी असलेली सहा वर्षं सीमेवरच्या गावांसाठी पूल हाच दारूबंदीचा शेवट होता. दारू थांबली नाही, महाग झाली, लपून यायला लागली. बंदी उठवताना सरकारने जी कारणं दिली त्यात अवैध दारू आणि तिच्या वाहतुकीत बायका-मुलांचा वापर ही प्रमुख होती. माजी सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीचा अहवाल त्यामागे होता.

बंदीच्या बाजूचे म्हणतात की अंमलबजावणी नीट झाली नाही म्हणून हे झालं. त्यात तथ्य आहे. पण त्या २००५च्या पोराच्या नजरेने बघा. त्याने दारू पाहिली ती कशी? डिक्कीत. पिशवीत. घाईत. कुणीतरी बाजूला उभं राहून क्वार्टर एका दमात संपवतोय, कारण पकडलं जायचं नाहीये. दारू अशीच प्यायची असते, लपून, भराभर, हा त्याचा पहिला धडा.

आणि बंदी उठली तरी त्याच्यासाठी ती उठलेली नाही. महाराष्ट्रात बियर आणि वाईनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे आणि बाकी दारूसाठी २५. वर पिण्याचा परवाना लागतो, जो कुणाकडे असतो हा वेगळा विषय. म्हणजे कॉलेजचा जवळपास प्रत्येक पिणारा विद्यार्थी कायद्याच्या बाहेर बसून पितोय. बारमध्ये ओळखीचं कुणी दिसेल म्हणून शेताच्या धुऱ्यावर, ढाब्यामागे, मित्राच्या रूमवर. मग बाईकवर डबल-ट्रिपल सीट परत. ज्यांनी चंद्रपूर-घुग्घुस रस्ता रात्री पाहिलाय, त्यांना कोळशाच्या ट्रकांच्या रांगांबद्दल वेगळं सांगायला नको.

धोका मोजताना आपण लिव्हर मोजतो. विशीतल्या मुलाचा धोका बहुतेक वेळा त्या परतीच्या पंचवीसेक किलोमीटरमध्ये असतो.

किती पिणं म्हणजे 'धोक्याचं'?

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी १० प्रश्नांची एक चाचणी बनवली आहे, तिला ऑडिट म्हणतात. किती वेळा पिता, एका बैठकीत किती पिता, सुरू केल्यावर थांबता येत नाही असं होतं का, आदल्या रात्रीचं आठवत नाही असं झालंय का, तुमच्या पिण्याने तुम्हाला किंवा दुसऱ्याला इजा झालीये का. एकूण गुण ४०. आठ किंवा जास्त आले की सावध व्हायला हवं.

गंमत म्हणजे रोज थोडी पिणारा काका आणि महिन्यातून दोनदाच, पण बेशुद्ध होईपर्यंत पिणारा विद्यार्थी, यांच्यात आपण काकांना दारुडा म्हणतो. या चाचणीत विद्यार्थीही सहज आठच्या वर जाऊ शकतो. अमेरिकेत साधारण दोन तासांत पुरुषाने पाच आणि बाईने चार पेग संपवले तर त्याला 'बिंज' म्हणतात. फ्रेशर्स पार्टी, गटारी, ३१ डिसेंबर. हिशेब तुम्हीच करा.

आपल्या देशात याची व्याप्ती किती? एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९मध्ये आलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात. पुरुषांत २७.३ टक्के, बायकांत १.६ टक्के. आणि सुमारे पावणेसहा कोटी लोकांना पिण्यामुळे मदतीची गरज आहे.

मुलींचं काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ वर्षांवरचे १३.९ टक्के पुरुष आणि फक्त ०.४ टक्के बायका पितात असं आलं. हा आकडा लोकांनी जे सांगितलं त्याचा आहे, हे लक्षात ठेवायचं. घरात येऊन विचारणाऱ्या ताईला कोणती मुलगी 'हो' म्हणेल?

पण मला इथे वेगळाच पेच दिसतो. आदिवासी घरातल्या मुलीने सणाच्या दिवशी आजीच्या हातून द्रोणातला एक घोट घेतलेला असतो. त्यात लाज नव्हती. ती शहरातल्या हॉस्टेलवर येते आणि तिला पहिल्यांदा कळतं की 'चांगल्या घरच्या मुली' हे करत नाहीत. त्याच वेळी दुसऱ्या रूमवर कळतं की 'मॉडर्न' मुली हे करतात, आणि इन्स्टावर टाकतातसुद्धा. दोन्हीकडून तिला सांगितलं जातं की तुझ्या आजीचं काहीतरी चुकतंय. ती पिते की नाही हा नंतरचा भाग. तिला आपल्या घराबद्दल सांगायला जागा उरत नाही, हे आधी होतं.

पुरुषांतही अपमान आणि पिणं यांचा संबंध मराठी माणसाला नवा नाही. राम गणेश गडकरींच्या 'एकच प्याला'तला सुधाकर अडाणी नव्हता, वकील होता. कोर्टात अपमान झाला, सनद गेली आणि त्याच क्षणी तळीराम बाजूला होता. आजच्या भाषेत आधी ताण, मग कंपनी. 'जंगलातून आलाय', 'कोट्यातून आलाय' असं कॉलेजात ऐकलेल्या पोराला तळीराम शोधायला लांब जावं लागत नाही. तो रूम पार्टनरच असतो, आणि बऱ्याचदा तो एकटाच असतो ज्याने त्याला आपल्यात घेतलेलं असतं. म्हणूनच 'नाही' म्हणणं अवघड जातं. त्याच्यासाठी प्रश्न दारूचा नसतोच, प्रश्न असतो की उद्या जेवायला कुणासोबत बसायचं.

'सगळेच पितात' हे खरं आहे का?

नाही.

वेस्ली पर्किन्स आणि अ‍ॅलन बर्कोविट्झ यांनी १९८६ साली एका अमेरिकन कॉलेजात दाखवलं की विद्यार्थी बाकीच्यांना जितकं पिणारं समजतात, तितके ते पिणारे नसतात. नंतर कितीतरी कॉलेजांत हेच दिसलं. कारण सोपं आहे. रात्री दहाला झोपलेला मुलगा स्टोरी टाकत नाही. पिणारा टाकतो. नवीन गावातून आलेल्या मुलाकडे 'इथलं नॉर्मल काय' हे ठरवायला दुसरं साधन नसतं, तो मोबाईलमध्ये दिसतं तेच नॉर्मल धरतो.

तुमचा एखादा लहान भाऊ-बहीण यंदा बाहेर शिकायला जात असेल, तर 'पिऊ नको' या उपदेशापेक्षा ही एक गोष्ट सांगणं जास्त कामाचं आहे: तिथे बरीच मुलं पीत नाहीत, ती फक्त दिसत नाहीत.

हे आत्ता का बोलायचं?

कारण घुग्घुसमध्ये काही दशकांत झालं ते गडचिरोलीत काही वर्षांत होऊ घातलंय.

सुरजागडच्या लोहखनिजाचं काम करणारी कंपनी तीच, जिचा प्रकल्प घुग्घुसमध्ये आहे: लॉईड्स मेटल्स. आता गडचिरोलीतल्या कोनसरीतही तिचा कारखाना उभा राहिलाय. नोकऱ्या येणार, बाहेरची माणसं येणार, हातात रोख पैसा येणार. ज्या जिल्ह्यात जवळपास ३९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि दारूबंदी १९९३पासून आहे, तिथे ही सगळी भेळ होणार. पोरांना शिकायला बाहेर जायचीही गरज नाही, बाहेरचं जग चामोर्शी-एटापल्लीत येऊन उभं राहतंय.

आणि जी मुलं बाहेर जातात त्यांची राहण्याची पद्धतही बदललीये. आधी आदिवासी विभागाचं वसतिगृह म्हणजे एक छप्पर, एक मेस, एक गृहपाल. २०१६-१७पासून वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आली. तिच्यात राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. पुढे वसतिगृहांत जेवणाऐवजी पैसे द्यायचं ठरलं तेव्हा, २०१८मध्ये, आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे मोर्चा घेऊन पायी निघाले होते. त्यांची मागणी होती, पैसे नकोत, मेस चालू ठेवा.

पैसे मिळतात म्हणून पोरं पितात, असा अर्थ कुणी काढू नका. हे वाक्य मी मुद्दाम लिहितेय, कारण कॉमेंटमध्ये ते येणारच. स्वयं योजनेमुळे शिकू शकलेली मुलं खूप आहेत. मुद्दा एवढाच की मेस ही फक्त जेवणाची जागा नव्हती. आपल्या तालुक्याची, आपली भाषा बोलणारी चार पोरं रोज रात्री तिथे भेटायची, आणि कोण आलं नाही हे कळायचं. बेरीच्या भाषेत, 'आपलं' धरून ठेवून 'नवं' शिकायची ती जागा होती. भाड्याच्या खोलीत कोण आलं नाही हे घरमालकाला महिन्याच्या पाच तारखेलाच कळतं.

कायदा गावाला बऱ्यापैकी अधिकार देतो. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारूवर बंदी घालायचा किंवा तिचं नियमन करायचा हक्क दिलाय. गडचिरोलीत सर्च, टाटा ट्रस्ट आणि सरकार यांच्या 'मुक्तिपथ' उपक्रमाने २०१६पासून गावोगाव गट बांधले, तालुक्यांत व्यसन उपचाराची क्लिनिक सुरू केली. पण चामोर्शीचा मुलगा नागपूरच्या बसमध्ये बसला की ग्रामसभाही मागे राहते आणि क्लिनिकही.

त्याच्यासोबत जाऊ शकतं असं काय आहे? गोंडवाना विद्यापीठ २०११मध्ये स्थापन झालं ते याच दोन जिल्ह्यांसाठी. तिथल्या कॉलेजांत प्रवेशाच्या वेळी ऑडिटचे १० प्रश्न, मराठीत आणि गोंडीत, नाव न विचारता भरून घ्यायला फार खर्च येणार नाही. निदान या भागातली मुलं किती आणि कशी पितात याचा आपला स्वतःचा आकडा तरी हातात येईल. नागपूर-पुण्यात तालुक्याच्या पोरांची मंडळं आहेत, ती बहुतेक जयंती आणि एमपीएससीच्या नोट्सपुरती जमतात. तिथे हा विषय निघाला तर कुणी कुणाला दारुडा म्हणणार नाही, कारण सगळे एकाच बसने आलेले असतात.

आणि तुम्हाला स्वतःला किंवा मित्राला आत्ताच बोलायची गरज वाटत असेल तर दोन नंबर सेव्ह करून ठेवा. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, तिथे ताण, झोप, एकटेपणा यावरही मराठीत बोलता येतं. दोन्ही कॉल मोफत आहेत.